तीन लिटर तेल

सकाळी पावणेसात.

शटर वर करण्याआधी मी गाळ्यासमोरची जमीन बघतो. रात्री जी गाडी इथे उभी होती तिच्याखाली ठिपका पडलाय का, आणि पडला असेल तर कुठल्या रंगाचा. काळा असेल तर इंजिन, तांबडा असेल तर स्टिअरिंग, हिरवा किंवा गुलाबी असेल तर रेडिएटर. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको. आज जमीन कोरडी आहे.

गॅरेज म्हणजे परळ-भोईवाड्याच्या एका गल्लीतला दहा बाय बाराचा गाळा आणि समोर एक गाडी मावेल एवढी जागा. लिफ्ट नाही, खड्डा नाही. दोन लोखंडी रॅम्प आहेत, जॅक आहे आणि गाडी उचलली की खाली लावायला चार घोड्या आहेत. दसऱ्याला पान्यांच्या फळीला घातलेला झेंडूचा हार सुकून कडकडीत झालाय. पाडव्याला नवा येईपर्यंत तो तिथेच राहतो.

आज बुधवार, परवा वसुबारस. वर्षातला हा आठवडा तेलाचा. शिवाजी पार्क ते भायखळा याच्यापलीकडे वर्षभर न गेलेल्या गाड्या शनिवारी सावंतवाडीला, चिपळूणला, साताऱ्याला निघणार, आणि मालकांच्या तेव्हाच लक्षात येतं की गेल्या दिवाळीनंतर बॉनेट उघडलेलं नाही.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यांना तेल घालायला होते. चोचीची कुपी हातात घेऊन पाळीभर फिरायचे, तेल घातलं की बेअरिंगवर तळवा ठेवून किती तापलंय ते बघायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि ती कुपी सुटली ती सुटलीच. पुढे ते रात्री टॅक्सी धुवायला जायचे. दहावी झाल्यावर मीही त्याच टॅक्सीवाल्यांच्या मेस्त्रीकडे लागलो. तेव्हा परळमध्ये तेल बदलण्यासाठी गॅरेजला जाणारा टॅक्सीवाला मी क्वचित पाहिला. प्रीमियर पद्मिनीच्या डिकीत सतराचा पाना, ग्रीसगन आणि जुन्या बनियनचा बोळा असायचाच. आठवडी सुट्टीला मैदानाच्या कडेला गाड्या लागायच्या, मालक खाली सरकायचे आणि तासाभरात तेल बदलून, हात केरोसीनने धुऊन घरी जेवायला जायचे. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली. गाडी जाणारच होती. पण मालकाच्या हातातला पानाही तिच्याबरोबर गेला, हे मला आजही सलतं.

सव्वासात.

काका काळीपिवळी वॅगन-आर घेऊन आले. साठी ओलांडली आहे, गाडी स्वतःची, एकाच पाळीत चालवतात. त्यांनी बॉनेट उघडून डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, परत काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मेस्त्री, बघा तरी. सोन्यासारखं आहे अजून. दिवाळीनंतर करू या का?"

तेल खरोखरच मधाच्या रंगाचं होतं. गॅसवर चालणाऱ्या गाडीचा हा मोठा चकवा आहे. पेट्रोलच्या गाडीत तेल लवकर काळं पडतं, कारण जळणाची काजळी ते स्वतःत ओढून घेतं. ते त्याचं कामच आहे. काळं तेल म्हणजे वाईट तेल नव्हे. सीएनजी स्वच्छ जळतो, काजळी फारशी धरत नाही, म्हणून तेल दिसायला छान राहतं. पण तेल उष्णतेने आतून थकतं, घट्ट होत जातं, इंजिनाचं रक्षण करणारी जी रसायनं त्यात घातलेली असतात ती संपत येतात. डोळ्याला यातलं काही दिसत नाही.

मी नव्या डब्यातला एक थेंब काकांच्या एका बोटावर ठेवला आणि त्यांच्या गाडीतला दुसऱ्या बोटावर. "चोळून बघा." त्यांनी अंगठ्याने दोन्ही चोळले. नवं निसटत होतं, जुनं धरून ठेवत होतं. मग त्यांनी बोट नाकाशी नेलं. जुन्या तेलाला करपल्यासारखा आंबूस वास होता. ते काही बोलले नाहीत, शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले.

किलोमीटरचा हिशेबही त्यांना पुरत नाही. एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ला पाडकामासाठी बंद झाल्यापासून परळहून प्रभादेवीला जायचं तर दादरच्या टिळक पुलावरून किंवा करी रोडकडून वळसा पडतो, आणि त्या वळशात गाडी चालते कमी, थांबते जास्त. काटा हलत नाही तेव्हाही इंजिन फिरतच असतं. काकांच्या गाडीला मी किलोमीटर विचारत नाही, किती आठवडे झाले ते विचारतो.

दिवाळीनंतर करू म्हणण्यामागे आळस नव्हता, हे मला माहीत आहे. तीन लिटर तेल, फिल्टर, वायसर आणि मजुरी मिळून त्यांचे सोळाशे रुपये होतात. मिनिमम भाडं १ फेब्रुवारी २०२५पासून ३१ रुपये झालं, म्हणजे एका तेलबदलीला पन्नासच्या वर मिनिमम भाडी. वर धंद्याच्या वेळेतला तास. हे पैसे कोणाला सहज सुटत नाहीत. म्हणून माझ्याकडे एक रीत आहे: नट मालकाने स्वतः उघडायचा, मजुरी निम्मी.

गाडी रॅम्पवर चढली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना अडणी लावली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी कोणाला जाऊ देत नाही, स्वतःही जात नाही. इंजिन येतानाच तापलेलं होतं, त्याला दहा मिनिटं दम दिला. कढत तेल हातावर आलं तर कातडी सोलून निघते, आणि पार गार झालेलं तेल नीट उतरत नाही.

काका गोणपाटावर आडवे झाले. चेंबरच्या नटाला पाना लावून पहिला हिसका दिला, मग बोटांनी फिरवू लागले. हात सगळं विसरलेला नव्हता. नट सोडताना ते तो वरच्या बाजूला दाबून धरत होते, म्हणजे शेवटच्या आट्यापर्यंत तेल गळत नाही, आणि आटा सुटल्याबरोबर हात झटकन बाजूला. धार अंगठ्याएवढी जाड पडली, मग करंगळीएवढी, मग सुतळी, मग थेंब. थेंबांना दहा मिनिटं द्यायची. घाई करणारे इथेच घाई करतात आणि अर्धी वाटी जुनं तेल नव्यात मिसळतात.

नटाचा वायसर नवा घातला. नट आधी नुसत्या बोटांनी बसवायचा, कुठेही न अडकता फिरला पाहिजे. पाना लावायचा तो शेवटच्या थोड्याशा आवळणीसाठी. चेंबरचे आटे गेले की पंधरा रुपयांच्या वायसरचं काम हजारांत जातं. आमच्याकडे येणारी सगळ्यात वाईट कामं ढिल्या नटाची नसतात, जोर लावून आवळलेल्या नटाची असतात.

सव्वाआठला काका निघाले. स्टिअरिंगजवळ चिकटवलेल्या कागदावर आजची तारीख त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली.

दहा.

मधल्या वेळात माझ्या हाताखालच्या पोराने दोन गाड्या केल्या. आयटीआय झालेला मुलगा आहे, हात शांत आहे त्याचा.

नायगावच्या एक ताई आल्या. गाडी आणली नव्हती, फक्त फोन. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट पाठवलं होतं, साडेअकरा हजारांचं, आणि तासाभरात होकार कळवायचा होता. गाडी चार वर्षांची, सव्वीस हजार किलोमीटर झालेली. "दादा, यातलं खरं काय आणि नको ते काय, एवढंच सांगा. गाडी तिथेच आहे, तुमच्याकडे काम नाही आणलं, राग नका धरू."

राग कसला? चहा सांगितला आणि ओळ न् ओळ वाचायला बसलो. लोकांनी बिल वाचावं यासाठी मला कोणी बसवून ठेवलं तर मी दिवसभर बसेन.

तेल, तेलाचा फिल्टर, वायसर: लागणारच. एअर फिल्टर: गाडी परळ-दादरमध्ये फिरते, जिथे चारी बाजूंनी टॉवरची बांधकामं चालू आहेत. बदला. इंजिन फ्लश: वेळेवर तेल बदललेल्या इंजिनाला नको. इंजिन ड्रेसिंग म्हणजे बॉनेटखाली चमक आणणारा फवारा, त्याने इंजिनाला काही मिळत नाही. टेफ्लॉन कोटिंग: रंगाची हौस असेल तर. एसीचा जंतुनाशक फवारा: एसीला वास येत नाही म्हणाल्या, मग नको. आणि मग आली ब्रेक ऑइलची ओळ. ताईंनी तिच्यावर आधीच बोट ठेवलं होतं. "हे तर नक्कीच उगाच लावलंय ना?"

नाही. ती ओळ त्या कागदावरची सगळ्यात मोलाची होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, मुंबईच्या दमट हवेत तर घेतंच. दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि ताईंच्या गाडीचं चार वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं. शनिवारी त्या आंबोलीला जाणार. घाट उतरताना ब्रेक तापले की त्या तेलातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. नेमकी हीच ओळ त्या पैसे वाचवायला काढून टाकणार होत्या.

बिल वाढवून लावणारे आहेत, मला माहीत आहे. पण ग्राहकाला काहीच कळत नसेल तर तो एक तर सगळं कबूल करतो, नाही तर सगळंच कापतो, आणि दोन्हीत तोच मार खातो. मी ताईंना आणखी एक सांगितलं: बदललेला प्रत्येक भाग डिकीत ठेवायला सांगा. आपल्या गाडीचा जुना फिल्टर हातात घेऊन बघा एकदा. बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८वर आलाय, तेही बिलात तपासा. गाडी वॉरंटीत असती तर मी त्यांना तिथेच जा, शिक्क्याचं बिल जपून ठेवा, असं म्हटलं असतं. पहिल्या तीन फ्री सर्व्हिसिंगलासुद्धा फुकट असते ती मजुरी. तेलाचे पैसे पडतातच, हे कित्येकांना बिल हातात आल्यावर कळतं.

ताईंनी माझ्यासमोरच फोन लावला. सहा हजारांवर आलं. ब्रेक ऑइल धरून.

पावणेबारा.

फोन. टिळक पुलावर गाडी बंद. माटुंग्याचा तरुण आहे, महिन्यापूर्वी येऊन फिल्टर कुठला घ्यायचा ते विचारून गेला होता. रविवारी बिल्डिंगच्या आवारात त्याने पहिल्यांदाच स्वतः तेल बदललं. "काका, लाल दिवा लागला आणि खाली बघितलं तर सगळं तेल रस्त्यावर."

"इंजिन बंद केलंस?"

"लगेच."

तिथेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. तो लाल दिवा तेल कमी झाल्याचं सांगत नाही, तेलाचा दाब गेल्याचं सांगतो. तेव्हा इंजिनातलं लोखंड लोखंडावर घासायला लागलेलं असतं. पुढच्या सिग्नलपर्यंत नेतो म्हणणाऱ्याचं इंजिन जातं. त्या दिव्यावरचं चित्र कधी नीट बघा: चोच असलेली कुपी आणि चोचीतून पडणारा थेंब. माझ्या वडिलांच्या हातात तशीच असायची.

स्कूटरला तीन लिटरचा डबा, फिल्टर पाना, कॉटन वेस्ट आणि लाकडाच्या भुशाचं पोतं बांधून निघालो. हिंदमाता, दादर टीटी, पूल. गाडी डाव्या कडेला होती, मागे वीसेक पावलांचा काळा पट्टा. आधी गाडीकडे गेलो नाही. आधी त्या पट्ट्यावर भुसा टाकला. तेलावरून पहिली घसरते ती दुचाकी, आणि त्या पुलावर दुचाकींना वाटच पट्ट्यावरून होती. एका हवालदारांनी शिटी मारत रहदारी उजवीकडून काढली, म्हणून आम्हाला जागा मिळाली. पायाने भुसा रगडला, काळा झालेला गोळा केला, परत कोरडा टाकला. वीस मिनिटं त्यातच गेली.

मग गाडी ढकलून उताराने खाली, सुरक्षित जागी घेतली. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, म्हणून त्याला आत बसवून मी मागून दाबत, रोखत आणली. फिल्टर काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याला आधी काही दिसेना. मी नखाने फिल्टरच्या तोंडावरचं रबर उचकटलं. त्याच्याखाली दुसरं रबर होतं.

जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. काळ्यावर काळी, दिसत नाही. नवा फिल्टर तिच्यावर बसतो, घट्टही वाटतो, दोन-तीन दिवस चालतोसुद्धा. मग पुलाची चढण लागते, दाब वाढतो, एक रिंग दुसरीवरून सटकते आणि मिनिटाच्या आत तीन लिटर तेल रस्त्यावर. उपाय एवढाच की फिल्टर काढला की तो उलटा करून रिंग त्याच्यासोबत आलीय ना ते बघायचं, आणि इंजिनाच्या बैठकीवरून बोट फिरवायचं. चार सेकंदांचं काम. मग नव्या रिंगला नव्या तेलाचं बोट लावायचं, फिल्टर टेकेपर्यंत फिरवायचा आणि टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा. पाना काढायला असतो, बसवायला नाही.

नवं तेल ओतलं, इंजिन सुरू केलं. लाल दिवा दोन सेकंदांत गेला. मी बॉनेटला कान लावून उभा राहिलो. खट नाही, खर्र नाही. वाचलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "काका, चूक झाली. आता गॅरेजलाच देत जाईन."

याचं मला फार वाईट वाटलं. त्याने गाडीचं मॅन्युअल वाचलं होतं, तेल बरोबर नंबरचं आणलं होतं, नट नेमका आवळला होता, गाडी घोड्यांवर घेतली होती, आणि मुख्य म्हणजे दिवा लागताच इंजिन बंद केलं होतं. सहांतली पाच कामं चोख करणारा मुलगा एका रिंगपायी पाना खाली ठेवणार. मी म्हटलं, "पुढच्या वेळी रविवारी गाळ्यावर ये. मी स्टुलावर बसेन, तू खाली जा. एक हात लावणार नाही मी." त्याने दोन्ही रिंगा रुमालात बांधून घेतल्या.

दीड.

डबा. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. हाताचा काळेपणा साबणाने जात नाही, साखर आणि खोबरेल तेल चोळलं की जातो. आई वडिलांना द्यायची तोच उपाय.

अडीच.

प्रभादेवीहून स्लो लोकल, चर्नी रोड. ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात माझं पंधरवड्याला एकदा जाणं असतं. चाळीस वर्षांपूर्वी मेस्त्री मला इथे पद्मिनीच्या क्लच प्लेट आणायला पाठवायचे. आज फिल्टर डझनभर, वेगवेगळ्या मापांचे वायसर, ब्रेक ऑइल आणि तेलाची दोन खोकी.

तेल कुठून घेता याला मोठी किंमत आहे. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त डबा दिसला तर मी हात लावत नाही. कंपनीचा रिकामा डबा भंगारात जातो, तिथून भेसळवाल्याकडे, आणि नवं झाकण लावून परत दुकानात येतो. म्हणून तेल ओतल्यावर डब्याच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडायचं. घरी तेल बदलणाऱ्यांनीही हे करावं. तुमचा डबा पुढच्या माणसाच्या इंजिनावर उठू नये.

सव्वाचार.

बाजारातून चालत ठाकूरद्वार. इथल्या एका वाडीत निवृत्त शिक्षक राहतात, त्यांची गाडी मी जागेवरच बघतो. गिरगावचा रस्ता मेट्रोसाठी किती वर्षं खोदलेला होता ते इथल्या माणसाला सांगायला नको. गाडी एकदा बाहेर काढली की परत आत घालताना घाम फुटायचा, म्हणून सरांनी ती काढणं कमी केलं. ९ ऑक्टोबर २०२५ला मेट्रो सुरू झाली, वाडीचं तोंड मोकळं झालं. पण वर्षभरात गाडी चालली जेमतेम नऊशे किलोमीटर.

"अहो, दहा हजारांना बदलायचं तेल नऊशेला का बदलू? गणित पटवा मला."

गणित असं आहे. कंपनी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणते, जे आधी होईल ते. इंजिन सुरू होतं तेव्हा थोडं पेट्रोल आणि थोडी पाण्याची वाफ तेलात उतरते. गाडी तासभर पळाली तर तेल तापून हे दोन्ही उडून जातात. सरांची गाडी निघाली तरी ठाकूरद्वारहून जवळपासच कुठे जाते आणि परत येते. तेल कधी पुरतं तापतच नाही, पाणी आत साचत राहतं. मी तेल भरायचं झाकण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर होता. सरांनी चष्मा वर करून बघितलं, बोटाने थोडा काढला आणि म्हणाले, "पटलं."

मग दुसरा वाद. सरांकडे एके काळी फियाट होती आणि तेल घट्ट हवं हे त्यांच्या मनात तेव्हापासून बसलेलं. त्यांनी २०डब्ल्यू-५० आणून ठेवलं होतं. मी ग्लव्ह बॉक्समधून मॅन्युअल काढलं, प्लास्टिकच्या पिशवीतून पहिल्यांदाच बाहेर आलेलं, आणि तेलाचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. ५डब्ल्यू-३०. फियाटच्या इंजिनातल्या फटी मोठ्या होत्या, घट्ट तेल त्यांना भरून काढायचं. आजच्या इंजिनातल्या वाटा बारीक आहेत. सकाळी गार इंजिन सुरू होताना घट्ट तेल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि झिजायचं ते इंजिन त्याच वेळात झिजतं. पहिला आकडा गारठ्यातल्या पातळपणाचा, दुसरा तापल्यावरचा. सरांनी वहीत उतरवून घेतलं. मी बरोबर आणलेलं तेल दिलं आणि त्यांचं परत बाजारात बदलून घ्यायला नेलं.

सरांची हौस मोठी, पण वय सत्तरीच्या पुढे आणि गुडघे दुखतात, गाडीखाली जाणं शक्य नाही. त्यांच्यासाठी मी हातपंप ठेवलाय. डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी चेंबरच्या तळापर्यंत सोडायची आणि वरून पंप मारून तेल बरणीत ओढायचं. सगळ्या गाड्यांत नळी तळाला पोचत नाही, आणि तळाचा गाळ थोडा मागे राहतो, म्हणून दर दोन वेळांनंतर मी नट उघडून उतरवतो. यांच्या गाडीत पोचते. सर खुर्ची टाकून बसले आणि शांतपणे पंप मारत राहिले. बरणीवर मापाच्या रेघा आहेत. "दोन लिटर सातशे," त्यांनी वाचलं. फिल्टर मी बदलला, रिंग त्यांनी मागून घेऊन तपासली. तेल ओतणं, पाच मिनिटं थांबणं, डिपस्टिक बघणं त्यांनीच केलं. वरच्या खुणेच्या किंचित खाली आलं, मी तिथेच थांबवलं. जास्त भरलेलं तेलही इंजिनाला जाचतं.

वाडीतली तीन-चार मुलं भोवती उभी होती. एकाने विचारलं, काळं तेल आता कुठे टाकणार? सरांच्या आधी मीच वळलो, इतका बरं वाटणारा प्रश्न होता तो. बरणीचं झाकण लावून त्याला दाखवलं. "माझ्याबरोबर परळला येणार."

सात.

गाळ्यात मागच्या कोपऱ्यात निळा ड्रम आहे. दिवसाचं सगळं जुनं तेल त्यात जातं आणि परवाना असलेला माणूस महिन्यातून एकदा येऊन घेऊन जातो, वजनाची पावती देतो. तेल झिजून संपत नाही, मळतं आणि थकतं. नीट शुद्ध केलं तर त्यातून परत चांगलं तेल निघतं. १ एप्रिल २०२४ पासून तेल कंपन्यांवरच जुनं तेल परत मिळवून शुद्धीकरणाला पाठवायची जबाबदारी कायद्याने आली आहे. पण तेल माझ्या गल्लीतून तिथपर्यंत जायचं तर आधी ते कोणीतरी डब्यात धरलं पाहिजे.

घरी तेल बदलणाऱ्यांपुढे मी हात जोडतो तो इथे. पैसे वाचवा, हात काळे करा, शिका. पण ते तीन लिटर गटारात ओतू नका. आमच्याकडे रस्त्याकडेच्या जाळीतून गेलेलं पाणी गाळलं जात नाही, थेट समुद्राला मिळतं. हिंदमाताला कमरेएवढं पाणी साचतं तेव्हा त्यावर तरंगणारा रंगीत तवंग मी लहानपणापासून बघत आलोय. ते पाणी रे रोडच्या ब्रिटानिया पंपिंग स्टेशनवरून समुद्रात जातं. माझा शेजारी कोळी आहे. तेलाच्या रिकाम्या डब्यातच जुनं तेल भरून कुठल्याही गॅरेजला नेऊन द्या, ड्रम असलेला मेस्त्री नाही म्हणणार नाही. माझ्याकडे आणलंत तर मी चहा पाजेन. त्या डब्याला मात्र भोक रिकामा झाल्यावर पाडा.

पोरगा वही घेऊन बसला. एका बाजूला गाडीत भरलेलं तेल, दुसऱ्या बाजूला ड्रममध्ये आलेलं. दोन्ही रकाने जुळले पाहिजेत, थोडं इकडेतिकडे चालतं. काका, तीन आणि तीन. त्याने सकाळी केलेल्या दोन गाड्या. गिरगाव, दोन लिटर सातशे. पुलावरचा काळा भुसा पोत्यात बांधून ड्रमशेजारी ठेवला होता. तो कचऱ्याच्या गाडीत घालायचा नाही, तेलवाल्याबरोबरच जाणार.

त्याने पेन थांबवलं. "माटुंग्याच्या गाडीत तीन लिटर भरलं. आलेल्याच्या रकान्यात काय लिहू?"

"भुसा लिही," मी म्हटलं आणि शटरची काठी हातात घेतली.